मागचं उडवलं

आमच्या फोटोवाल्यांच्या ग्रुपमध्ये एका शब्दाला फार मान होता. 'मागचं उडव.' म्हणजे समोरचा माणूस, फूल, पाखरू, जे काय असेल ते लख्ख दिसायला हवं आणि त्याच्या पाठीमागचं सगळं विरघळून नुसते रंग उरायला हवेत. कुणी फोटो टाकला की पहिला शेरा ठरलेला, मागचं अजून उडायला पाहिजे होतं. आणि कुणाचं छान उडालेलं असलं की त्याचं कौतुक दोन दिवस चालायचं. त्यासाठी कोणती लेन्स घ्यावी, पुण्याहून जुनी आणली तर ती बॅटरी मारून आतून कशी तपासावी, श्वास कधी रोखावा, ह्या गोष्टींवर भोरच्या स्टँडजवळच्या हॉटेलात दर रविवारी चहाच्या तीन-तीन फेऱ्या व्हायच्या. हॉटेलवाला आम्हाला कोपऱ्यातलं टेबल द्यायचा, कारण आम्ही टेबलावर बॅगा उघडून बसलो की गिऱ्हाइकांना वाटायचं कुठल्या तरी खात्याची माणसं तपासणीला आलीत.

माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून खपायचं आणि रविवारी पदरचं पेट्रोल जाळून सगळं अस्पष्ट करत हिंडायचं, असं माझी बायको म्हणते. ते खोटं नाही. ग्रुपचा ॲडमिन मीच होतो, अजूनही आहे. स्वभाव तापट, त्यात थोडंफार वाचून-बघून ज्ञान आलेलं, त्यामुळे मी नियम केले होते. सुप्रभात टाकायचं नाही. देवाचे फोटो टाकायचे नाहीत. आणि मोबाईलवर काढलेला फोटो अजिबात टाकायचा नाही. हा तिसरा नियम मी ठळक अक्षरांत लिहिला होता.

ग्रुपमध्ये आम्ही आठ जण. त्यातल्या दोघांचीच इथे गरज आहे. एक चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो. दुसरा एका दवाखान्यातला कंपाउंडर, मूळचा भोंगवलीचा, चाळिशीचा, हळू आवाजात बोलणारा. त्याच्याकडे कॅमेराच नव्हता. त्याला ग्रुपमध्ये घेतलं ते खरं सांगायचं तर पुड्यांसाठी. गोळ्यांच्या डब्यांत ओलावा शोषणाऱ्या लहान पुड्या येतात ना, त्या तो जमवून ठेवायचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर आम्हाला वाटायचा. आमच्याकडचा पाऊस चार महिने भिंतीतून सुद्धा आत येतो. लेन्स नुसती कपाटात ठेवली तर दिवाळीपर्यंत तिच्या काचेवर बुरशीची नक्षी तयार. म्हणून आम्ही लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचो आणि भोवती त्याच्या पुड्या. आमच्या सात घरांतल्या लेन्स ह्या माणसाने सांभाळल्या, आणि त्याचा एकही फोटो आम्ही कधी धड पाहिला नव्हता.

त्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी आम्ही, कंपाउंडर धरून, पहाटे वेल्ह्याच्या बाजूला गेलो होतो, तोरण्याच्या मागून येणारं ऊन धरायला. ऊन आलंच नाही, नुसतं धुरकट पांढरं आभाळ. नऊच्या सुमाराला परत फिरलो तेव्हा सगळ्यांचीच तोंडं उतरलेली होती. एका वळणावर जांभळाचं जुनं झाड होतं आणि त्याच्याखाली एक म्हातारी पाटी घेऊन जांभळं विकत बसली होती. आम्ही गाडी थांबवली. पानाच्या द्रोणातून जांभळं खाऊन जिभा निळ्या करून घेतल्या. कॅमेरे बघून तीच म्हणाली, "दादा, माजा येक फोटू काढाल का? झाडासंगट. समदं यायला पायजेल, शेंड्यापातूर."

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलोय. ज्याचा फोटो काढावा त्याला सगळं यायला हवं असतं, पायांपासून डोक्यावरच्या पंख्यापर्यंत. मी नेहमीप्रमाणे हो म्हणालो आणि नेहमीप्रमाणे मला पाहिजे तेच केलं. चेहरा विलक्षण होता. कपाळावर गोंदण, गालाला सुरकुत्यांची बारीक जाळी, डोळे एकदम स्वच्छ. मागे झाडाच्या बुंध्यावर कुणी तरी पांढऱ्या रंगाने आकडा घातला होता, तो डोळ्यात खुपत होता. रस्ता रुंद व्हायचा आहे हे मला माहीत होतं. त्याआधी तोडायच्या झाडांवर आकडे घालतात हेही माहीत होतं. पण त्या क्षणी मला तो आकडा फक्त घाण दिसला. मी पन्नासची लेन्स लावली, तिचं छिद्र पूर्ण उघडलं, एक गुडघा जमिनीला टेकवून वाकलो आणि झाड, आकडा, रस्ता, सगळं उडवून टाकलं. चौदा फोटो काढले.

त्या फोटोला ग्रुपमध्ये जे कौतुक मिळालं ते मला आधी कधीच मिळालं नव्हतं. पुण्याच्या एका ओळखीच्या फोटोग्राफरने सुद्धा मोठा अंगठा पाठवला. मी दुकानात गिऱ्हाइकाला थांबवून मोबाईल बघत होतो. तेवढ्यात त्या कौतुकाच्या मधोमध कंपाउंडरने एक फोटो टाकला. त्याच्या मोबाईलवरचा, त्याच जागेवरचा. त्यात पुढे माझी वाकलेली पाठ दिसत होती एवढं मी पाहिलं आणि माझं टाळकं फिरलं. मी तो लगेच सगळ्यांसाठी डिलीट केला आणि खाली लिहिलं, 'इथे मोबाईलचा कचरा टाकू नये.' त्याने 'सॉरी भाऊ' लिहिलं. बाकी कुणी काही बोललं नाही. पावसाळ्याआधी त्याच्या पुड्या आल्या, नेहमीसारख्या, माझ्या दुकानात पाकिटात घालून ठेवलेल्या.

फोटो मी पुण्याहून चांगल्या कागदावर छापून आणला, काच लावून फ्रेम केली आणि श्रावणात एकदा उघडीप बघून स्कूटरवरून निघालो. मनात म्हटलं, म्हातारी खूश होईल. ते वळण मला सापडेना. दोनदा पुढे जाऊन मागे आलो. मग लक्षात आलं की वळण तेच आहे, झाड नाहीये. जिथे बुंधा होता तिथे लाल मुरूम पसरला होता आणि त्यावरून रोलर फिरून गेलेला होता. चहाच्या टपरीवर विचारलं तर तिचं घर रस्त्याच्या खालच्या अंगाला, भातखाचरांच्या कडेला होतं.

तिने मला ओळखलं. पाट दिला. फ्रेम दोन्ही हातांनी घेतली आणि बराच वेळ बघत राहिली. "म्या लई चांगली दिसतीया," म्हणाली. मला बरं वाटलं. मग तिने पदराने काच पुसली. पुन्हा बघितलं. पुन्हा पुसली. मग फ्रेम उलटी करून पाठीमागचा पुठ्ठा बघितला आणि परत सरळ केली.

"दादा, झाड कुठं हाय?"

मी तिच्या खांद्यामागच्या हिरव्या धुरकट डागावर बोट ठेवलं. "हे काय, हेच."

"व्हय?" तिने फ्रेम डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. "मला दिसंना. गेल्या साली मोतीबिंदू काढलाय. पुन्यांदा डोळं गेलं का काय माजं?"

इथे मी जे केलं ते लिहायला मला अजून जड जातं. मी तिला खरं सांगायला हवं होतं. पण समोर ती फ्रेम, माझा चौदांतला सगळ्यात उत्तम फोटो, आणि मी म्हणालो, "असेल मावशी. भोरला माझं चष्म्याचं दुकान आहे. बाजाराच्या दिवशी या, नंबर तपासून देतो." दुकान कुठे ते सांगितलं आणि चहा न पिताच निघालो.

ती येणार नाही असं मी धरून चाललो होतो. पुढच्याच बाजारच्या दिवशी ती एसटीने आली. कापडी पिशवीत साडीत गुंडाळून फ्रेम आणली होती. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि समोरचा तक्ता लावला. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी त्यावर तीन दांड्यांची चित्रं असतात, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे तोंड असलेली, आणि तोंड कुठे आहे ते हाताने दाखवायचं असतं. एक डोळा झाकून तिने दाखवायला सुरुवात केली. वर. खाली. ह्या अंगाला. त्या अंगाला. सगळ्यात शेवटच्या बारीक ओळीपर्यंत तिचा हात एकदाही चुकला नाही. दुसरा डोळाही तसाच. ज्या कुणी तिचं ऑपरेशन केलं त्याला हात जोडावेत असं काम त्याने केलं होतं.

"दूरचं एकदम झक्क आहे मावशी," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं.

तिने पिशवीतून फ्रेम काढून काउंटरवर ठेवली. "मंग ह्यात का दिसत न्हाई?"

दुकानात आणखी दोघं जण होते. मी म्हणालो, "तुमचे डोळे ठीक आहेत. तेव्हाही ठीक होते. फोटोच तसा काढलाय मी."

"चुकून?"

"नाही. मुद्दाम. तशी पद्धत आहे. माणूस उठून दिसावा म्हणून."

"म्या कवा उठून दिसाया गेले दादा? चाळीस वरसं बसूनच हुते की तितं."

ती रागावली नाही. रागावली असती तर मी दोन शब्द उलट बोललो असतो आणि मोकळा झालो असतो. ती झाडाचं सांगत राहिली, घरच्या माणसाबद्दल बोलावं तशी. लग्न होऊन आली तेव्हा सासू त्या झाडाखाली पाटी घेऊन बसायची. मग ही बसायला लागली. तिच्या तिन्ही मुली त्याच झाडाला बांधलेल्या झोळीत निजल्या. आकडा घातला त्या दिवशी तिने धाकट्या मुलीला सारोळ्याला फोन लावून सांगितलं, तर मुलगी फोनवरच रडायला लागली. "ती म्हनली, आये, येक फोटू तरी काढून ठेव. आमच्या मोबाईलमधी समदं पोरांचं फोटू. झाडाचा कोन काढतंय? मंग तुमी आलासा." तिने फ्रेम परत साडीत गुंडाळली, कडा नीट दुमडल्या आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठली.

ती गेल्यावर मी दुकान अर्धं लावून घेतलं आणि संगणकावर ते चौदा फोटो उघडले. एकेक मोठा करून पाहिला. काहीतरी ओढूनताणून आणता येईल का ते पाहिलं. उजेड कमी-जास्त करता येतो, रंग बदलता येतो, पण जे कॅमेऱ्याने पाहिलंच नाही ते कुठून आणणार? चौदाच्या चौदा फोटोंत ते झाड म्हणजे हिरवा डाग होता. झाड आता रस्त्याखाली होतं आणि त्याचा ह्या जगात एकही फोटो नव्हता, कारण ते काम तिने माझ्यावर सोपवलं होतं.

मग मला माझी वाकलेली पाठ आठवली.

मी चालतच दवाखान्यात गेलो. कंपाउंडर एका पोराच्या गुडघ्याला पट्टी बांधत होता. मी बाकावर पेशंटांमध्ये बसून राहिलो. त्याचं झाल्यावर तो आला. "काय भाऊ, पुड्या संपल्या का?"

"नाही. तो फोटो आहे का तुझ्याकडे? जांभळीचा. मी डिलीट केलेला."

तो कानाजवळ खाजवत म्हणाला, "मी पण काढून टाकला भाऊ. जागा पुरत नाही मोबाईलात. आणि तुम्ही म्हणालात ना, कचरा आहे म्हणून."

त्यात टोमणा नव्हता. त्याने माझा शब्द खरा मानला होता, एवढंच. मी त्याला झाडाचं सांगितलं, म्हातारीचं सांगितलं, तिच्या डोळ्यांबद्दल खोटं बोललो तेही सांगितलं. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "सरांकडे असेल बघा. त्यांना पाठवला होता तेव्हा."

"सरांना कशाला?"

"असंच. विचारायला."

दोघं मिळून सरांच्या घरी गेलो. सरांच्या मोबाईलमध्ये आजपर्यंत आलेला प्रत्येक निरोप जसाच्या तसा असतो. "मला पुसता येत नाही, म्हणून राहतं," असं ते म्हणतात. बोट जिभेला लावून पुस्तकाची पानं उलटावीत तसे ते मागे मागे जात राहिले. श्रावण, आषाढ, ज्येष्ठ. कंपाउंडर दाराजवळच उभा होता. शेवटी सर थांबले आणि मोबाईल माझ्या हातात दिला.

फोटो होता. त्याच्याखाली कंपाउंडरने लिहिलं होतं, 'सर, ह्यात काय चुकलं ते सांगा म्हणजे पुढच्या वेळी करणार नाही.' आणि सरांचं उत्तर होतं, 'काही चुकलं नाही. सगळं आलंय.'

मला स्वतःची लाज वाटली, आणि ती लपवायला तिथे काही नव्हतं. मी फोटो मोठा करून पाहिला. पुढे डावीकडे मी, टोपी उलटी, एक गुडघा मातीत, शर्ट वर सरकून बनियन बाहेर आलेला. माझ्यापलीकडे म्हातारी ताठ बसलेली, पुढ्यात पाटी. आणि तिच्या मागे ते झाड. बुंधा, त्याची फाटलेली साल, झोळी बांधायची ती आडवी फांदी, वरचा सगळा घेर, थेट शेंड्यापर्यंत. बुंध्यावरचा पांढरा आकडा स्वच्छ वाचता येत होता. मागच्या वळणावर एसटी येत होती. मोबाईलच्या लहान डोळ्याला मागचं उडवता येत नाही, हीच आमची त्याच्याबद्दलची तक्रार होती.

"भाऊ, तुमची पाठ आली," कंपाउंडर दारातूनच म्हणाला. "मला तुमचा फोटो काढायचा होता. तुम्ही फोटो काढताना कसे दिसता ते कुणी तुम्हाला दाखवलं नसेल म्हणून."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच संध्याकाळी तो फोटो मी ग्रुपवर टाकला, कुणी काढला ते लिहिलं, मी काय केलं होतं ते लिहिलं आणि तिसरा नियम पुसला. सरांनी फक्त नमस्काराचे हात पाठवले.

मोबाईलवरून फिरत आलेला फोटो लहान होऊन येतो. मोठा छापला तर ठिपके ठिपके होऊन फाटतो. म्हणून पोस्टकार्डाच्या दुप्पट एवढाच छापला, त्याच्या चार प्रती काढल्या, एक काच लावून तिला आणि तीन तिच्या मुलींना. रविवारी मी आणि कंपाउंडर स्कूटरवरून गेलो. ती खाचराच्या बांधावर होती. हात धुऊन आली. मी म्हणालो, "मावशी, हा ह्यांनी काढलाय."

तिने फोटो घेतला. ह्या वेळी काच पुसली नाही. बोट बुंध्यापासून वर नेत नेत शेंड्यापर्यंत गेलं, मग त्या आडव्या फांदीवर परत आलं आणि तिथेच राहिलं. कंपाउंडरकडे बघून ती म्हणाली, "बस की बाबा. उबा का?" मग पुन्हा फोटोकडे वळली. "आकडा बी आलाय. बरं झालं. न्हाईतर फुडं कोन बी म्हनंल, आपसूक पडलं."

तो आकडा मी घाण म्हणून उडवला होता. थोड्या वेळाने तिने माझ्या पाठीवर बोट ठेवलं. "आन् ह्यो वाकलाय त्यो कोन?"

"मी आहे. मला काढून टाकता येतं संगणकावर. पुढच्या वेळी तसा आणतो."

"ऱ्हाऊ द्या. तुमी बी हुता की तितं." ती हसली. "बनेल दिसतंय, पर ऱ्हाऊ द्या."

तिने तो फोटो भिंतीवर देवांच्या खालच्या खिळ्याला लावला. माझी मोठी फ्रेम कुठेच दिसत नव्हती. मला वाटलं, दिली असेल कुणाला, आणि ते योग्यच होतं. पण निघताना तिने फळीवरची पत्र्याची पेटी उघडली. त्यात तिची लग्नातली साडी होती आणि त्या साडीत माझी फ्रेम, तशीच, कडा नीट दुमडलेल्या.

"ह्यो बी चांगला हाय दादा. ह्यो म्या गेल्यावर लावायचा," ती म्हणाली. "लेकींना सांगून ठिवलंय. तवा मागचं काय न्हाई दिसलं तरी चालतंय."

मी बरं म्हणालो. तिने पेटीचं झाकण लावलं आणि आम्हाला चहा पिऊन जायला सांगितलं. ह्या वेळी आम्ही बसलो.